एका अक्षराचा माग

पूर्व विदर्भात, गडचिरोलीत किंवा तिकडे नंदुरबारला 'सिकलसेल' म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'एएस पॅटर्न' (वाहक) की 'एसएस पॅटर्न' (रुग्ण) हा प्रश्न तिथे दवाखान्यात जसा निघतो तसा सोयरीक जुळवतानाही निघतो. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या या विकाराची नोंद 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली छापली. तेव्हापासून जगभर या आजारावर अफाट काम झालं, आणि त्यातला बराच कच्चा माल आज कुणालाही घरबसल्या, फुकट बघता येतो. फक्त तो सापडवावा लागतो. तो कसा सापडवायचा आणि सापडल्यावर कसा वाचायचा, हे सिकलसेलच्याच निमित्ताने पाहू.

'सिकलसेल डेटा' असं टाइप करून शोधायला बसलं की अर्धा दिवस हमखास वाया जातो. कारण तो एक प्रश्न नाही, पाच-सहा प्रश्नांची मोट आहे. डीएनएतलं नेमकं कोणतं अक्षर बदलतं? त्यामुळे हिमोग्लोबिनच्या रेणूचं काय होतं? रुग्णाच्या रक्तात कोणती जनुकं जास्त चालतात? कोणत्या औषधाच्या चाचण्या सुरू आहेत? आणि किती लोकांत हा दोष आहे? या प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या कोठारात, वेगळ्या लोकांनी, वेगळ्या पद्धतीने ठेवलेलं असतं. डीएनएच्या क्रमांची मोठी कोठारं तीन: अमेरिकेतली जेनबँक, इंग्लंडात हिंक्स्टनला असलेली युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्ह आणि जपानमधलं मिशिमाचं डीडीबीजे. ही तिन्ही रोज आपापल्या नोंदी एकमेकांना देतात, त्यामुळे कुठल्याही एकात पाहिलं तरी चालतं. प्रथिनांचे त्रिमितीय आकार प्रोटीन डेटा बँकेत असतात. १९७१ साली ती अवघ्या ७ रचनांवर सुरू झाली, आज तिथे २ लाखांहून अधिक आहेत. जनुकं पेशीत किती चालतात याची मोजमापं 'जिओ' नावाच्या कोठारात, २००० सालापासून.

सुरुवात मात्र लेखापासूनच करावी. वैद्यकीय लेखांच्या पबमेड या सूचीवर साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि तिथली शोधयंत्रणा डेटाच्या कोठारांपेक्षा कितीतरी जास्त समंजस आहे. तिथे माणसांनी जोपासलेली एक शब्दसूची आहे, 'मेश' नावाची, १९६० पासूनची. लेखकाने 'सिकल सेल डिसीज' लिहिलेलं असो, 'ड्रेपॅनोसायटोसिस' लिहिलेलं असो की 'हिमोग्लोबिन एस डिसीज', सूचीत ते सगळे एकाच मथळ्याखाली येतात. तो मथळा धरून शोधलं की स्पेलिंगचे घोळ टळतात. मग डाव्या रकान्यात 'असोसिएटेड डेटा' अशी चाळणी असते, ती लावायची. उरतात ते असे लेख, ज्यांच्या नोंदीतच कुठल्यातरी कोठाराचा दुवा दिलेला आहे.

आता लेख उघडायचा, पण वाचायचा शेवटाकडून. संदर्भसूचीच्या आसपास 'डेटा उपलब्धता' अशा अर्थाचा एक छोटा परिच्छेद असतो. त्यात ॲक्सेशन नंबर दिलेला असेल तर काम झालं. सातबाऱ्याचा गट नंबर हाती असला की मालकाच्या नावाने गावभर विचारत फिरावं लागत नाही, तसंच हे आहे. नंबराच्या आधीची अक्षरं कोठार सांगतात: 'जीएसई'ने सुरू होणारा जिओतला संपूर्ण प्रयोग, 'जीएसएम' त्यातला एकेक नमुना, 'एसआरआर' म्हणजे यंत्रातून निघालेला कच्चा क्रम, 'पीआरजेएनए' म्हणजे त्या सगळ्यांना एकत्र बांधणारा प्रकल्प, 'एनसीटी' म्हणजे औषधचाचणी. लेखात नंबर दिसला नाही तर युरोप पीएमसीवर तोच लेख पाहावा. तिथे यंत्राने मजकूर चाळून आत दडलेले नंबर वेचून ठेवलेले असतात.

काही वेळा त्या परिच्छेदात 'वाजवी विनंती केल्यास लेखक डेटा देतील' एवढंच वाक्य असतं. या वाक्यावर विसंबू नये. २०१९ च्या जानेवारीत छापलेल्या, असंच आश्वासन दिलेल्या १,७९२ लेखांच्या लेखकांना काही संशोधकांनी खरोखर पत्रं पाठवून पाहिली. २०२२ मध्ये त्यांनी निकाल छापला: डेटा मिळाला १२२ जणांकडून. बाकीच्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही. माझ्या मते असं वाक्य असलेला लेख शोधाच्या कामापुरता बंदच समजावा आणि पुढे जावं.

आता एक धागा धरून शेवटपर्यंत जाऊ. सिकलसेलचं मूळ एका अक्षरात आहे. ११व्या गुणसूत्रावरच्या 'एचबीबी' या जनुकात 'जीएजी' या तीन अक्षरांच्या जागी 'जीटीजी' येतं, आणि प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. या बदलाला डीबीएसएनपी या कोठारात 'आरएस ३३४' असा क्रमांक आहे. (शोधपट्टीत तो रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाकायचा.) हा क्रमांक फार कामाचा, कारण बाकीच्या कोठारांतल्या नोंदी त्याला जोडलेल्या असतात.

पण पानं शेजारीशेजारी उघडली की नवखा माणूस गांगरतो. एकीकडे बदल ६व्या अमिनो आम्लाचा म्हटलेला असतो, दुसरीकडे ७व्याचा. दोन्ही बरोबर आहेत. प्रथिन तयार होताना सगळ्यात आधी मेथिओनिन लागतं आणि नंतर ते तोडून टाकलं जातं. १९५०च्या दशकात व्हर्नन इंग्रॅम यांनी हा बदल शोधला तो तयार प्रथिनात, म्हणून त्यांच्या मोजणीत तो सहावा. आजचे जनुकशास्त्राचे नियम सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात, म्हणून क्लिनव्हार या कोठारात तो सातवा. प्रोटीन डेटा बँकेत '२एचबीएस' ही सिकल हिमोग्लोबिनची रचना उघडली तर तिथे पुन्हा जुनी मोजणी, ६ नंबरची. जुन्या लेखांचा डेटा नव्याशी जोडायचा तर हा एकाचा फरक लक्षात ठेवावाच लागतो.

पत्त्याचंही तसंच. मानवी जीनोमच्या संदर्भ-आराखड्याच्या ३७व्या आवृत्तीत हे अक्षर ११व्या गुणसूत्रावर ५२,४८,२३२ या जागी आहे. ३८व्या आवृत्तीत तेच अक्षर ५२,२७,००२ वर. अक्षर हललेलं नाही, मोजपट्टी बदलली. फाइल कोणत्या आवृत्तीतली आहे हे न पाहता पत्ता शोधला तर भलतंच अक्षर हाती येतं, आणि संगणक काही तक्रार करत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात बेरकी. जनुकाच्या भाषेत बदल 'ए'चा 'टी' असा आहे, पण डीबीएसएनपीच्या पानावर तो 'टी'चा 'ए' दिसतो. डीएनएचे दोन धागे एकमेकांना पूरक असतात: 'ए'समोर 'टी', 'जी'समोर 'सी'. एचबीबी जनुक उलट दिशेच्या धाग्यावर लिहिलेलं आहे आणि कोठार सुलट धाग्याची अक्षरं दाखवतं. बदल 'ए' आणि 'जी' यांच्यातला असता तर धाग्यांची गफलत लगेच उघडी पडली असती, कारण समोर 'टी' आणि 'सी' आले असते. इथे दोन्ही धाग्यांवर अक्षरं तीच दोन. म्हणजे दोन ठिकाणचा डेटा एकत्र करताना एकाचा धागा उलटा असेल, तर दोन्ही प्रती चांगल्या असलेला माणूस आजारी ठरतो आणि एसएसचा रुग्ण निरोगी. डोळ्यांना काहीच खटकत नाही. म्हणून फाइलसोबत धाग्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचायचं, मगच आकड्यांना हात लावायचा.

इथपर्यंत आलो की साहजिक पुढचा प्रश्न: हे अक्षर कुठल्या लोकांत किती आढळतं? एन्सेंबल या युरोपियन कोठारात आरएस ३३४ च्या पानावर लोकसमूहांनुसार तक्ता मिळतो. त्यात '१००० जीनोम्स' प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे आकडे आहेत. नाव हजाराचं असलं तरी माणसं २,५०४, लोकसमूह २६. आफ्रिकी गटात सिकलचं अक्षर सुमारे १० टक्के. युरोपीय आणि पूर्व आशियाई गटांत शून्य. आणि दक्षिण आशियाई गटात? तिथेही शून्य.

गडचिरोलीच्या आरोग्यसेविकेला हा तक्ता दाखवला तर ती हसेल. पण तक्ता खोटा नाही. दक्षिण आशियाई गटात माणसं आहेत ४८९, म्हणजे ११व्या गुणसूत्राच्या ९७८ प्रती, आणि त्यांतल्या एकीतही ते अक्षर नव्हतं. आता ही ४८९ माणसं कोण, ते नमुन्यांच्या यादीत बघायचं: अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे गुजराती, इंग्लंडमधले तेलुगू, इंग्लंडमधलेच श्रीलंकन तमिळ, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातले बंगाली. त्यांत गोंड, भिल्ल, माडिया, पावरा नाहीत, विदर्भातले महारही नाहीत. भारतात सिकलसेल सगळीकडे सारखा पसरलेला नाही. मलेरियाच्या पट्ट्यात तो टिकला, कारण एकच प्रत असलेल्याला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, आणि जातीजमातीतच लग्नं होत राहिल्याने तो ठराविक समाजांत साठला. अशा नमुन्यात तो सापडला असता तरच नवल.

खुल्या डेटात शोधणाऱ्याने माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे. शून्य दिसलं की आधी नमुन्यांची यादी मागायची. 'नोमॅड'सारखे पुढचे संग्रह कितीतरी मोठे आहेत, २०२३ च्या आवृत्तीत ८ लाखांहून अधिक माणसं. पण 'दक्षिण आशियाई' हा रकाना तिथेही एकच, आणि त्यात नेमकं कोण हे विचारावंच लागतं. एका रकान्यात पाव जग कोंबलेलं असताना त्याच्या सरासरीवरून नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याबद्दल बोलणं धाडसाचं आहे.

जनुकांच्या हालचालीचा डेटा, म्हणजे जिओतला, याहून निसरडा. इथे मेशसारखी शिस्त कमी. नमुन्याचं वर्णन प्रयोग करणाऱ्याने आपल्या शब्दांत लिहिलेलं. कुणी 'रुग्ण ३' एवढंच लिहितं. शोधशब्दांचे सापळे ठरलेले आहेत. 'एससीडी' हे सिकलसेलचं लघुरूप, पण हृदय बंद पडून अचानक येणाऱ्या मृत्यूचंही तेच. 'एचबीएस' टाकलं की हिपॅटायटिस बी विषाणूच्या पृष्ठ-प्रतिजनाच्या नोंदी येतात, कारण त्याचं लघुरूप त्याच तीन अक्षरांनी सुरू होतं. 'अनीमिया' अमेरिकन स्पेलिंगने एक, ब्रिटिश स्पेलिंगने दुसरा. त्यामुळे पूर्ण शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालावा, दोन्ही स्पेलिंगं 'किंवा'ने जोडावीत आणि प्राण्याच्या रकान्यात 'होमो सेपियन्स' निवडावं. नाहीतर सिकलसेलचे उंदीर भरपूर येतात.

नोंद सापडली की नमुना कशाचा, हे पाहायचं. रुग्ण आणि निरोगी यांच्या पूर्ण रक्ताची तुलना असेल तर एक अडचण मुळातच बसलेली असते. रक्तातल्या आरएनएत ग्लोबिनचाच भरणा असतो, आणि सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर फुटत असल्याने कोवळ्या पेशी, रेटिक्युलोसाइट, जास्त असतात. त्यांत हे आरएनए आणखी. मग दोन गटांत जो फरक दिसतो तो आजाराच्या यंत्रणेचा की नुसता कोवळ्या पेशींच्या संख्येचा? प्रयोगात ग्लोबिनचा आरएनए आधी काढून टाकला होता का, रुग्ण हायड्रॉक्सीयुरिया हे औषध घेत होते का, गेल्या महिन्यात रक्त चढवलं होतं का, हे नमुन्याच्या वर्णनात नसेल तर तो संच कितीही मोठा असो, बाजूला ठेवलेला बरा. आणि कच्च्या क्रमांच्या अवाढव्य फाइली उतरवण्याआधी 'रन सिलेक्टर' या साधनातून नुसता वर्णनाचा तक्ता उतरवावा. ती छोटी फाइल दहा मिनिटांत सांगते की मोठ्या फाइलींचं ओझं घ्यायचं की नाही.

लेखासोबतच्या एक्सेल फाइलींबद्दल एक सूचना. एक्सेल काही जनुकांची नावं तारखा समजून बदलून टाकतं: 'मार्च १' नावाचं जनुक १ मार्च होतं, 'सेप्ट २' दोन सप्टेंबर. जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या लेखांपैकी सुमारे पंचमांशांत अशा चुका असल्याचं २०१६ साली दिसून आलं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावंच बदलण्यात आली. तेव्हा एक्सेल बदललं नाही, मानवी जनुकांनी नावं बदलली! तेव्हा जुन्या यादीत तारखा दिसल्या तर दचकू नये, आणि जुन्या नावाने काही सापडत नसेल तर नवं नाव टाकून पाहावं.

औषधचाचण्यांचं काम त्यामानाने सरळ. अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही २००० पासून आणि भारताची सीटीआरआय २००७ पासून आहे. आपल्याकडे १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. सिकलसेलवरची जनुक-संपादनाची 'कॅसजेव्ही' ही उपचारपद्धती २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाली. तिची मूळ चाचणी एनसीटी०३७४५२८७ या क्रमांकाखाली कुणालाही वाचता येते. सीटीआरआयवर नुसतं 'सिकल' एवढंच टाकावं, लांब शब्दसमूह नको. ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या चाचण्याही तिथे दिसतात. नोंद म्हणजे निकाल नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

किती लोकांत, हा प्रश्न उरला. इथे बरेचजण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे वळतात, कारण तो आपल्याकडचा सगळ्यात मोठा आणि नेटका संच: २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६ लाखांहून अधिक घरं, काम मुंबईच्या आयआयपीएस या संस्थेकडे. पण त्यात बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिनचं प्रमाण मोजलं होतं, प्रकार नव्हे. रक्तक्षय कळतो, सिकलसेल कळत नाही. शिवाय घरनिहाय कच्चा डेटा वर्षानुवर्षं ज्या अमेरिकी अर्थसाहाय्याच्या डीएचएस कार्यक्रमातून मिळायचा, तिथली नवी नोंदणी २०२५ च्या सुरुवातीला तो निधी थांबल्यावर बंद पडली होती. खुली कोठारंही कुणाच्यातरी पैशावर चालतात.

दुसरा स्रोत म्हणजे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला ती सुरू झाली; ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य. तपासलेले, वाहक आणि रुग्ण यांचे आकडे जाहीर होतात. ते वापरताना एकच पथ्य: ही तपासणी मुद्दाम जास्त प्रादुर्भावाच्या, आदिवासीबहुल भागांत होते. शंभर तपासल्यांत इतके वाहक, हा आकडा उचलून राज्याच्या लोकसंख्येला गुणला तर निष्कर्ष फुगतो. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करतानाही कुठे सोल्युबिलिटी चाचणीवर थांबले आणि कुठे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री केली, हे विचारावं. सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही.

मग ज्या समाजांचा डीएनए आपल्याला हवा होता, तो कुठेच नाही का? आहे, कुलपात आहे. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने देशभरातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या, आदिवासी समाजांसह, सुमारे १० हजार लोकांचे जीनोम वाचले. हा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाल्याची घोषणा झाली आणि तो फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवला आहे. पण तो मिळतो अर्ज करून, संस्थेच्या नावाने, कशासाठी हवा ते सांगून. अमेरिकेच्या डीबीगॅप आणि युरोपच्या ईजीए या कोठारांची पद्धतही अशीच.

हे कुलूप अनेकांना खटकतं. मला ते रास्त वाटतं. २००८ साली एका अभ्यासाने दाखवून दिलं की शेकडो लोकांच्या डीएनएची नुसती एकत्रित टक्केवारी खुली असली, तरी ज्याचा डीएनए आपल्याकडे आहे असा माणूस त्या गटात होता की नाही हे ओळखता येतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेने अशा टक्केवाऱ्या खुल्या पानांवरून काढून घेतल्या. जिथे वाहक असल्याच्या संशयावरून मुलीचं लग्न मोडतं, तिथे पाच-पन्नास घरांच्या पाड्याची यादी खुली करणं हा मोकळेपणा नव्हे. तक्रार करायचीच तर अर्जाला लागणाऱ्या वेळाबद्दल आणि लहान महाविद्यालयांतल्या शिक्षकांची तिथे डाळ शिजणं किती कठीण आहे याबद्दल करावी.

जिल्हा पातळीवरच्या छोट्या सर्वेक्षणांचे तक्ते मात्र अनेकदा झेनोडो, ड्रायड, फिगशेअर अशा सर्वसाधारण कोठारांत पडलेले असतात. झेनोडो स्वित्झर्लंडमधली सर्न ही भौतिकशास्त्राची संस्था २०१३ पासून चालवते, आणि तिथे कुठल्याही विषयाचा डेटा चालतो. झेनोडोवर सहसा कुणी तपासनीस नसतो. शीर्षक लेखक देईल तेच. म्हणून रोगाच्या नावासोबत जिल्ह्याचं नाव, जमातीचं नाव, चाचणीचं नाव अशी आलटून पालटून जोडी लावावी, आणि प्रकाराच्या चाळणीत 'डेटासेट' निवडावा. गूगलचा डेटासेट सर्च अशी बरीच कोठारं एकदम चाळतो. पण पानाच्या मालकाने ठराविक खुणा भरल्या असतील तरच त्याला पान दिसतं. भारतीय सरकारी संकेतस्थळांवरचे पीडीएफ त्यामुळे त्याच्या नजरेतून सुटतात.

फाइल हाती आली की आधी सोबतची 'रीडमी' उघडावी: रकान्यांचे अर्थ, रिकाम्या जागी काय भरलंय (९९ म्हणजे वय ९९ की 'माहीत नाही'?), आणि परवाना. 'सीसी झीरो' असेल तर काहीही करायला मोकळीक. 'सीसी बाय' असेल तर श्रेय देणं बंधनकारक. कुठलाच परवाना लिहिलेला नसेल तर बघायला मिळालं म्हणजे वापरायला मिळालं असं धरू नये.

शेवटी वहीत नोंद: कोठाराचं नाव, तारीख, शोधपट्टीत टाकलेले शब्द जसेच्या तसे, लावलेल्या चाळण्या, आणि आवृत्ती. कोठारं रोज वाढतात, तोच शोध सहा महिन्यांनी वेगळी यादी देतो. झेनोडोवर एकाच संचाला दोन प्रकारचे डीओआय असतात, एक सगळ्या आवृत्त्यांना मिळून आणि एक प्रत्येक आवृत्तीचा स्वतंत्र. वहीत दुसरा उतरवायचा.